तांब्या जरा लांब

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. यांची एसटीत ड्रायव्हरची नोकरी, निम्मे दिवस मुक्कामाच्या गाडीवर, आणि मी धुळ्यात खानावळ चालवत होते. पाटी लावलेली नव्हती. कॉलेजच्या पोरांना पाटी लागत नाही, फोडणीचा वास पुरतो. घराच्या मागे पत्र्याची पडवी होती, त्यात दोन लांब पट्ट्या अंथरलेल्या. साक्री, पिंपळनेर, शिरपूरकडची पोरं दोन्ही वेळा ओळीनं बसून जेवायची. कुणी कुणाकडे बघत नसे. भुकेल्या पोराला फक्त आपलं ताट दिसतं.

माझं सासर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. थोरले दीर शेती बघत. सगळा गाव त्यांना नाना म्हणे, मीही तेच म्हणायचे. त्यांची मुलगी त्या वर्षी अकरा वर्षांची होती. मे महिन्यात एका दुपारी नाना आणि माझी जाऊ तिला घेऊन दारात उभे राहिले. मी पोरीकडे पाहिलं आणि हातातली पळी खाली ठेवली. दिवाळीत पाहिली तेव्हा गुबगुबीत होती. आता फ्रॉक खांद्यावरून घसरत होता आणि गळ्याची हाडं वर आली होती.

"खात नई," जाऊ म्हणाली. एवढंच. मग तोंडाला पदर लावला.

पाणी दिल्यावर हकिकत कळली. थंडीत गावात एक लग्न झालं. पंगतीत वरण-बट्टी होती. बट्टीचा कोरडा तुकडा पोरीच्या घशात अडकला. डोळे पांढरे झाले, कुणीतरी पाठीत गुद्दे घातले, तुकडा बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी लोक विसरले. पोर मात्र विसरली नाही. आधी बट्टी सोडली, मग भाकरी, मग पोळी, मग भात. घास तोंडात फिरवत राहायची आणि शेवटी काढून टाकायची.

इलाज सगळे झाले होते. तालुक्याच्या डॉक्टरनं टॉन्सिलची औषधं दिली. पडजीभ उचलणारी एक बाई आणली, तिनं हळद लावलेलं बोट थेट घशात घातलं. त्यानंतर पोर तोंड उघडायलाच तयार होईना. जळगावला नेऊन चुन्यासारखं पांढरं औषध पाजून फोटो काढले. ते तिनं मुकाट प्यायलं. फोटोत काही निघालं नाही. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, घसा साफ आहे, पोरगी नाटकं करते, दोन फटके द्या.

"दिले?" मी विचारलं.

नाना जमिनीकडे बघत राहिले. "एक दिला," ते म्हणाले. "मलेच रात्रभर झोप नई."

"मग आतापर्यंत जगली कशावर?"

"केळं अन् दूध."

जाऊनं पिशवी उघडून दाखवली. आत रुमालात गुंडाळलेली पिकली केळी. घरात केळी कधी संपत नव्हती. चावायला नको, घशाला टोचत नाही, आपोआप खाली जातं. दिवसाला जितकी खाईल तितकी. दुसऱ्या कुणाच्या घरात असतं तर पोर आठवड्यात आडवी झाली असती आणि मोठ्या दवाखान्यात गेली असती. आमच्या घरात ती केळ्यांवर उभी राहिली आणि सगळ्यांना वाटलं, चाललंय ना, होईल हळूहळू. पाच महिने असे गेले.

आता जाऊ म्हणत होती की हे देवीचं आहे, सप्तशृंगीला नवस बोलायचा. नाना म्हणत होते, एकदा धुळ्याला दाखवू, नाहीतर शाळा बंद करून घरी ठेवू, केळी आहेतच.

धुळ्यात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर होते. ओळख डब्याची. एकटे राहायचे, दोन्ही वेळचा डबा माझ्याकडून जायचा. त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता आणि जिन्याच्या पायरीवर पाय ठेवला की अख्खी गल्ली बघायची, कारण लोक त्यांना वेड्यांचे डॉक्टर म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी नानांना सांगितलं, "कुणी विचारलं तर डबा द्यायला चाललोय म्हणायचं." नानांनी डबा हातात घेतला आणि इतका घट्ट धरला, जणू त्यात चोरीचा माल आहे.

डॉक्टर बारीक, टकले, सावकाश बोलणारे. त्यांनी घसा पाहिला, पण क्षणभरच. मग प्रश्न सुरू केले. मला वाटलं विचारतील काय खाते, किती खाते. त्यांनी विचारलं, जेवताना शेजारी कोण बसतं?

"सगळेच बसतो," जाऊ म्हणाली. "मी, आजी, हिची आत्या आली की आत्या. एकेक घास मोजतो आम्ही."

"आणि ही काय करते?"

"पानी पिते. घास तोंडात घातला की पानी. तांब्या जवळ नसला तर घासच उचलत नई."

डॉक्टरांनी मान हलवली. मग पोरीला विचारलं, "शेजारी कुणी मिरचीचा ठेचा कुटला, तर तोंडाला पाणी सुटतं का?"

पोरीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "सुटतं."

"जाड होईन, म्हणून खात नाही का?"

तिला प्रश्नच कळला नाही. आमच्याकडे जाड होणं ही कौतुकाची गोष्ट होती.

"मग घास घशाशी आला की काय होतं?"

"घसा बंद होतो. दार लावल्यासारखा. छाती धडधडते. वाटतं मरीन."

तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की जाऊचं रडू थांबलं. पाच महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "घसा चांगला आहे. आजार भीतीचा आहे. मुलांना होतो तो, मोठ्यांनाही होतो. नाटक नाही आणि देवीही नाही." मग पोरीकडे वळून म्हणाले, "तुमची बाग आहे ना? बागेत राखणदार असतो?"

"असतो."

"एकदा घड चोरीला गेला, तर पुढे तो काय करतो?"

पोरीनं जरा विचार केला. "मग तो पान हललं तरी बोंबलतो. आमचा मागच्या साली कुत्र्यालेबी चोर चोर म्हणे."

"तुझ्या घशाशी तसाच एक बसलाय. चोर एकदाच आला होता. त्याला रोज थोडं थोडं दाखवायचं, की बाबा, हा वारा आहे."

नानांना हे पटलं की नाही कळेना. त्यांनी खिशात हात घातला. "औषध?"

"आत्ता नको. लागलंच तर बघू."

"औषध नई, सुई नई, मग फी कायची?"

"बोलण्याची," डॉक्टर हसले. "आणि पहिलं बोलणं हे, की केळी बंद."

नाना खुर्चीत सरळ झाले. केळीवाल्या माणसाला कुणी सांगावं की घरात केळं आणायचं नाही. "साहेब, केळं तर अमृत आहे. त्याच्यावरच पोरगी जगली."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले. "केळं असेपर्यंत दुसरा घास कशाला उचलेल? एकदम नाही बंद करायचं. पण तिच्या पोटात दुसरं जायला लागलं की कमी करत न्यायचं. आणि जेवताना कुणी बघायचं नाही. खा म्हणायचं नाही, शाब्बास म्हणायचं नाही. घास घेतला की भीती वाटणारच. वाटू द्यायची. उठायचं नाही, थुंकायचं नाही. भीती जरा वेळानं आपोआप उतरते, हे तिचं तिला कळलं पाहिजे. आणि तो तांब्या. तो रोज जरा लांब."

"हे रावेरले नई व्हायचं," नाना खरं तेच बोलले. "आमच्या घरात माणूस जेवतो अन् दुसरा बघत नई, असं व्हतं का कुठं?"

"माझ्याकडे होतं," मी म्हणाले.

अशी पोर माझ्याकडे राहिली. जाताना नाना म्हणाले, "कानबाईले घेऊन ये. तोवर खायला लागली तर ठीक, शिकू दे धुळ्यात. नई तर मग घरीच राहील." थोरल्या दिरांपुढे मी डोक्यावरून पदर घ्यायचे, पण तोंड बंद ठेवायची सवय मला नव्हती. म्हणाले, "नाना, आणते. पण तुम्ही केळं घेऊन इथं यायचं नाही."

कानबाई, आमची खानदेशची देवी, श्रावणात घरी येते. म्हणजे माझ्या हातात उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाळ्याची सुरुवात होती.

सुरुवात वरणाच्या पाण्यानं केली. ते गेलं. मग कढी, मग जरा घट्ट वरण. त्यात अडचण नव्हती, कारण चावण्यासारखं काही नव्हतं. खरी अडचण भातापासून. मी भात घोटून वरणात कालवला आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. पडवीच्या टोकाला तिची जागा, शेवटच्या पोराच्या पुढे, भिंतीकडे तोंड. तांब्या मांडीला टेकलेला. ती तो घास तोंडात घेऊन किती वेळ बसली असेल. मी भाकरी थापत होते. कानांनी मात्र मी तिच्याकडेच होते. पहिल्या दिवशी ती उठली आणि मोरीत जाऊन थुंकून आली. मी पुढची भाकरी तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एके दुपारी पोरं निघून गेल्यावर ती माझ्याजवळ आली. हात गार होते, कपाळावर घाम होता.

"गेला," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणाले. "तेवढी कोथिंबीर निवड."

डॉक्टरांनी शाब्बास म्हणू नका सांगितलं होतं, पण कोथिंबीर निवडायला कुणी बंदी केली नव्हती. ती माझ्या शेजारी येऊन बसली, गुडघा माझ्या गुडघ्याला लावून. तसंच बसून निवडली.

आठवड्यातून एकदा डबा आम्ही दोघी पोचवायचो. डॉक्टर तिला विचारायचे, राखणदार काय म्हणतो? ती सांगायची. कधी म्हणायची, "झोपला होता," कधी "लय बोंबलला." मग ते पुढची पायरी ठरवायचे, पण तिला विचारून. खिचडी की दुधातली भाकरी? तिनं खिचडी म्हटलं तर खिचडी. हे मला तेव्हा जरा लाडाचं वाटलं. नंतर लक्षात आलं की आजवर तिच्या तोंडात काय जायचं हे दुसऱ्यांनीच ठरवलं होतं, त्या बोट घालणाऱ्या बाईसकट.

तांब्याचं मी माझ्या पद्धतीनं केलं. रोज तो एक वीत सरकवायचा. मांडीपासून ताटापलीकडे, ताटापलीकडून हात पुरेल तिथे, मग हात पुरणार नाही तिथे. ती रडायची नाही. पण तांब्यावरून नजर हलायची नाही. एकदा एका पोरानं तहान लागली म्हणून तिचा तांब्या उचलून तोंड न लावता घटाघटा रिकामा केला. ती इतकी दचकली की घास तसाच गिळला गेला. मग तिच्या लक्षात आलं, की गिळला गेला. आणि हसली. ती आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

जूनमध्ये तिचं नाव जवळच्या शाळेत घातलं. संध्याकाळी ती वाढायला लागली. हे तिनं स्वतःच सुरू केलं. पोरांची तोंडं सुटलेलीच असत.

"काकू, आज वरणात डाळ शे का नुसतीच आंघोळ करी गई?"

"बघ, तळाला बसली असेल," मी आतून म्हणायची. "तुझ्यासारखीच. अभ्यासाला वर येत नाही."

"ए छोटी, तू सांग, मीठ बराबर शे का?"

हा प्रश्न तिच्यावर आला की तिला भाजी चाखावी लागे. चमच्यानं थोडी तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची, गिळायची आणि ओरडून सांगायचं, "बरोबर आहे!" ती उभी असायची, घाईत असायची, कुणी तिच्याकडे बघत नसे. अशी तिनं शेवभाजी खाल्ली, वांग्याचं भरीत खाल्लं. जेवायला बसली की घाबरायची, चाखताना नाही. मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "चाखू द्या. पण बसूनही जेवू द्या. पळत पळत खाल्लं तर राखणदाराला वाटेल आपण चोरच आहोत."

जुलैत दादर ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, वरणात भिजवलेला. तिथे गाडी अडली. भिजलेली भाकरी जायची, कोरडी म्हटली की चेहरा पांढरा पडायचा. तरी चाललं होतं. केळी सुटली होती, गालावर थोडं मांस आलं होतं. मी तिच्या फ्रॉकची कंबर आत घेतली होती, ती पुन्हा सोडली.

मग जाऊ भेटायला आली. चार दिवस राहिली. लेकीला बघून खूश झाली, पण लेक जेवायला बसली की तिच्याकडे पाठ करून बसणं तिला जमेना. मी तिला लसूण सोलायला द्यायचे, ती लसूण सोलता सोलता मागे वळून बघायची. तिसऱ्या दिवशी पोरीनं जेवण अर्धं टाकलं. त्याआधीच्या रात्रीही टाकलं होतं. मी मोरी धुवायला गेले, तर मोरीच्या मागे, तुळशीच्या डब्याआड केळ्यांच्या साली.

मी साली उचलून जावेपुढे ठेवल्या. ती लाजली नाही. उलट उसळली.

"मंग काय करू? पोरगी रात्री म्हने, आई, पोटात कालवतं. उपाशी झोपू देऊ?"

"ताई, केळं मिळतं हे कळलं की ती कोरडी भाकरी कशाला गिळेल?"

"तुले काय समजतं? शंभर पोरांले जेवू घालते तू. एकाचीबी आई नई."

खरं होतं. मी चुलीवरची भाजी ढवळली. भाजी लागत आली होती, तिच्यात पाणी घालणं जास्त गरजेचं होतं. नंतर बघितलं तर जाऊ उंबऱ्यात बसून स्वतःच रडत होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "ताई, तू तिला पाच महिने जगवलं. ते मी केलं नसतं, मला जमलंच नसतं. आता पुढचं थोडं मला करू दे."

तिनं पदर तोंडावरून फिरवला. मग नाक पुसून म्हणाली, "बघायचं नई म्हणजे किती अवघड आहे, म्हाईत आहे का तुले?"

"माहीत आहे. मी भाकरी थापते तेव्हा बघ. किती जाड होतात."

त्या दिवशी संध्याकाळी ती खरोखर भिंतीकडे तोंड करून बसली. लसणाच्या पाकळ्या तिनं इतक्या सोलल्या की मला आठवडाभर पुरल्या.

श्रावणात आम्ही रावेरला गेलो. हे गाडीवर होते, त्यांना रजा मिळाली नाही. बसमध्ये पोर माझ्या खांद्याला टेकून बसली होती. पारोळ्याच्या पुढे तिनं विचारलं, "काकू, रोट सगळ्यांसमोर खावा लागेल?"

"लागेल," मी म्हणाले. खोटं कशाला सांगायचं.

कानबाईचे रोट म्हणजे पुरण भरलेल्या जाड पोळ्या. सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. ज्याच्या ताटात वाढला त्यानं तो संपवायचा. रविवारी संध्याकाळी देवीला नैवेद्य झाला आणि अख्खी भावकी ओसरीवर ओळीनं बसली. चौरंगावर नथ घातलेली कानबाई, पुढे समई. नानांनी महिनाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी बरी झाली. त्यामुळे सगळे तिला बघायलाच बसले होते.

नात्यातल्या एक म्हाताऱ्या अक्का तिच्या समोरच होत्या. "खा वं माय," त्या प्रेमानं म्हणाल्या. "कानबाईचा रोट आहे. देवीले नई म्हनायचं नसतं."

"पाहू, पाहू," कुणीतरी मागून म्हणालं. "खाते काय?"

पोरीनं तुकडा मोडला. तोंडात घातला. ओसरीवरचे हात थांबले. मी तिच्या शेजारी होते, ताटात बघत होते, तरी मला ते सगळे डोळे माझ्या मानेवर जाणवले. तिला किती जाणवले असतील. तिचा जबडा हलला, थांबला. खांदे वर गेले. हात तांब्याकडे गेला, पण तांब्या पलीकडच्या ओळीत होता. मग तिनं तुकडा हळूच काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

अक्का "अगं बाई" म्हणाल्या. नाना जेवण टाकून उठले, हात धुतले. मी भांडी आवरायला आत गेले तेव्हा ते माझ्या मागे आले.

"झालं ना? आता बस कर. उद्यापासून घरीच राहील. जसं होतं तसं. निदान जिवंत तर राहील."

त्यांचा आवाज चढला नव्हता. राग नव्हताच त्यात. पोर बघता बघता हातातून जाईल ही भीती होती, आणि ती त्यांच्याही घशाशी आली होती. मी एवढंच म्हणाले, "नाना, उद्या बोलू." पोरीचं ताट मी दुसऱ्या ताटानं झाकून फडताळात ठेवलं. टाकायचं नव्हतं आणि दुसऱ्या कुणी खायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर न्यायची असते. जावेनं देवी डोक्यावर घेतली होती, त्यामुळे तिला मागे वळून बघायला फुरसत नव्हती. डफ वाजत होते, बायका फुगड्या घालत होत्या, आणि बघता बघता घर रिकामं झालं. नात्यातले, शेजारचे, लहान मुलं, सगळे गेले. मी म्हणाले, घरात कुणीतरी हवं. आणि मोरीपाशी भांड्यांच्या ढिगापुढे बसले.

पोर मागच्या दारात उभी होती. वाजंत्री लांब गेली. मग फडताळाचं दार वाजलं. पाट ओढल्याचा आवाज आला. मी राख घेऊन पातेलं घासत राहिले.

"काकू."

"काय?"

"रोट कडक झाला."

"रात्रीचा आहे. दूध देऊ?"

"नको. दुधात भिजवला तर तो वेगळाच होतो."

"बरं."

"काकू, तांब्या कुठं ठेवू?"

मी हात थांबवला. आजवर तो मीच सरकवत आले होते. "तुला कुठं ठेवायचाय?"

ती उठली. पावलं ओसरीवरून पुढे गेली. बाहेरच्या ओट्यावर तांब्या ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. परत येऊन ती बसली.

"तू वळू नको हं," ती म्हणाली.

"मला एवढी भांडी घासायची आहेत. वळायला वेळ कुणाला आहे?"

मी भांडी घासली. खिरीचं पातेलं तळाला लागलं होतं, ते घासलं. पळ्या घासल्या, परात घासली. मागून काही ऐकू येत नव्हतं. एकदा तिचा श्वास जोरात आला. मी वळले नाही. तो श्वास हळूहळू खाली उतरला. मग रोट मोडल्याचा आवाज. पुन्हा एकदा. स्वच्छ झालेली परात मी पुन्हा घासायला घेतली.

नदीवरून माणसं परतायला लागली तसा डफांचा आवाज जवळ आला. ती माझ्याजवळ आली आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. ताटात गंगाफळाची एक बी होती, बाकी काही नव्हतं.

"हे पण घास," ती म्हणाली.

मी ओल्या राखेच्या हातानं तिचा गाल धरला. मग हात काढून घेतला, कारण गालाला राख लागली. तिनं ती पुसली नाही.

बाहेर चिखलाच्या पायांनी सगळे ओट्यापाशी आले. पोर पळत पुढे गेली. ओट्यावरचा तांब्या तिनं उचलला, तो काठोकाठ भरलेला होता, तिला दोन्ही हातांनी धरावा लागला. तिनं आधी आईच्या पायांवर पाणी ओतलं, मग नानांच्या.

नानांनी लेकीच्या गालावरची राख पाहिली. तांब्याकडे पाहिलं. मग दारातून आत माझ्याकडे. माझ्या हातात ते ताट होतं. मी ते त्यांना दिसेल असं जरा तिरकं धरलं.

ते तसेच उभे राहिले. पाणी पायांवरून वाहून ओट्याखाली चाललं होतं.

"नाना," मी आतून म्हणाले, "पाय चोळा की. पोर किती वेळ ओतत राहील?"